आर्च लिनक्स, इन्स्टॉलरविना

आर्च लिनक्सचा आर्चइन्स्टॉल नावाचा इन्स्टॉलर 2021 पासून आर्चच्या आयएसओमध्येच (पेनड्राइव्हवर घालून मशीन सुरू करायच्या फाइलमध्ये) येतो. चार प्रश्नांची उत्तरं दिली की काम होतं. तरी तो बाजूला ठेवला, कारण डिस्कवर नेमकं काय काय घडतं ते बघायचं होतं.

निघण्याआधी दोन कामं: मशीनच्या बायोस/यूईएफआय सेटिंगमध्ये जाऊन सिक्युअर बूट (फक्त सही असलेल्या सिस्टीमच सुरू होऊ देणारी सोय) बंद करा, कारण आर्चचा आयएसओ त्याच्यासह सुरू होत नाही, आणि शेजारी विंडोज असेल तर तिथलं फास्ट स्टार्टअपही (विंडोज पूर्ण बंद न करता लवकर सुरू करायची सोय) बंद करा. पुढे पेनड्राइव्हवरून बूट केलं की काळा पडदा आणि रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी युजरचा, प्रॉम्प्ट, बस्स. वाय-फाय आयडब्ल्यूसीटीएल या कमांडने जोडलं. लॅनची केबल असेल तर तेवढीही खटपट नाही.

खरा मुक्काम डिस्कपाशी. डिस्कची यादी दाखवणारी एलएसबीएलके कमांड चालवून प्रत्येक डिस्कचं नाव आणि आकार कागदावर लिहून घेतला. पेनड्राइव्हही त्याच यादीत दिसतो, म्हणून नावापेक्षा आकारावर भरवसा ठेवा. विंडोजचं ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइल असलेला डिस्कचा छोटा भाग) फॉरमॅट करायचं नाही, तेच वापरायचं. मात्र ते बरेचदा 100 एमबीचंच असतं आणि त्यात कर्नल (सिस्टीमचा गाभा) ठेवायला गेलं तर जागा पुरत नाही. मी ते ईएफआय नावाच्या वेगळ्या फोल्डरवर माउंट केलं (जोडलं), कर्नल रूट, म्हणजे सिस्टीमच्या मुख्य, पार्टिशनवरच राहू दिला आणि ग्रब हा बूटलोडर (सुरुवातीला सिस्टीम निवडायचा मेन्यू दाखवणारा) बसवलं. डिस्क कोरी असेल तर ईएफआयला सरळ 1 जीबी देऊन टाका.

पॅकस्ट्रॅप ही कमांड नव्या सिस्टीमची पॅकेजेस उतरवून घेते, तेवढ्यात चहा होतो. कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं याची फाइल बनवणाऱ्या जेनएफएसटॅबला कॅपिटल यू हा पर्याय द्या, म्हणजे पार्टिशन यूयूआयडीने (त्याच्या एकमेव ओळख क्रमांकाने) ओळखलं जातं. तयार झालेली फाइल उघडून एकदा वाचा.

आता आर्च-सीएचरूट ही कमांड देऊन नव्या सिस्टीममध्ये शिरायचं. टाइमझोन, लोकेल (भाषेची सेटिंग), होस्टनेम (मशीनचं नाव), पासवर्ड हे सगळं कंटाळवाणं पण सोपं. फसगत होते ती इथून रीबूट करताना. पेनड्राइव्हवरच्या सिस्टीममध्ये नेटवर्क आणि एडिटर आयते असतात, त्यामुळे ते नव्या घरातही असतील असं वाटतं. नसतात. बेस या मूळ पॅकेजमध्ये नॅनो हा साधा एडिटरसुद्धा नाही! नेटवर्कमॅनेजर, एखादा एडिटर, सुडो (साध्या युजरला रूटचे अधिकार देणारी कमांड) आणि आपल्या प्रोसेसरचा, इंटेल किंवा एएमडीचा, मायक्रोकोड (प्रोसेसरच्या दुरुस्त्या) आत असतानाच बसवा. नेटवर्कमॅनेजरची सर्व्हिस एनेबल करायलाही विसरू नका, नुसतं पॅकेज बसवून ती चालू होत नाही.

ग्रबच्या मेन्यूत विंडोज दिसलं नाही तर घाबरायचं कारण नाही. 2.06 पासून ग्रब दुसऱ्या सिस्टीम आपणहून शोधत नाही. दुसऱ्या सिस्टीम शोधणारा ओएस-प्रोबर बसवून ग्रबच्या सेटिंगमध्ये त्याला परवानगी द्या आणि कॉन्फिग पुन्हा तयार करा.

पेनड्राइव्ह मात्र लगेच पुसू नका. मशीन सुरूच झालं नाही तर पार्टिशनपासून सगळं परत करत बसायची गरज नसते. त्यावरूनच बूट करा, रूट आणि ईएफआय पुन्हा माउंट करा, सीएचरूटने आत जा आणि राहिलेलं काम उरका.