बाबांच्या घड्याळातले पावणेदहा तास

तिकीट हातात घेऊन बाबांनी बोटं मोजली. मुंबईहून दुपारी एकला सुटायचं, लंडनला संध्याकाळी सव्वासहाला उतरायचं. "सव्वापाच तास? आर्णीहून नागपूरले एसटीनं तेवढेच लागते!" येतानाचं तिकीट मात्र रात्री नऊचं, मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहा. "येतानी साडेतेरा? लंडन दूर सरकते का रे?"

तिकिटावर ज्या त्या गावची वेळ छापतात, ऑक्टोबरात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं, हे मी सांगून पाहिलं. त्यांना काही ते पटलं नाही. "माह्या घड्याळाले हात लावायचा नाही," एवढं बजावून ते निघाले.

आमचं खेडं आर्णीजवळ. शेतात वेचणी लागलेली, पिशवीत लंडनच्या भावासाठी धापोडे (आमच्याकडचे पापड) आणि जवसाची चटणी. मध्यरात्री एकला गाडी काढली. यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी करत पहाटे सोनेगावचं विमानतळ गाठलं. नागपूर–मुंबई दीड तास, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पुढं मुंबई ते लंडन, सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. समोरच्या पडद्यावर बाहेरचं तापमान उणे ५४. खिडकीच्या काचेत खाली टाचणीनं पाडावं तसं बारीक भोक असतं. त्याभोवती बर्फाची नक्षी जमली होती. बाबा किती तरी वेळ त्यावर बोट ठेवून बसले. मग सूर्याकडे वळले. आम्ही पश्चिमेला पळत होतो, त्यामुळं दुपार काही संपेना. घरी दिवाबत्ती झाल्याशिवाय ते रात्रीचं जेवत नाहीत. दुसऱ्यांदा जेवण आलं तेव्हा त्यांच्या घड्याळात रात्रीचे साडेनऊ, आणि डोळ्यांवर लख्ख ऊन. ताट तसंच परत गेलं. (माझं मी संपवलं.)

उतरलो तेव्हा त्यांचं घड्याळ पावणेअकरा दाखवत होतं. एक ते पावणेअकरा, म्हणजे पावणेदहा तास. तिकिटाचं गणित त्यांनी स्वतःच सोडवलं होतं.

परतताना याच घड्याळानं बरोबर नऊ तास दाखवले. पाऊण तास कुठं गेला? दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा वाहतो. जाताना तो तोंडावर असतो, येताना पाठीशी. हे मात्र त्यांना लगेच कळलं. "सायकलीचं बी तसंच हाय," म्हणाले.

मुंबईहून नागपूर, तिथून एसटी. कळंबच्या स्टँडवर गाडी थांबली, आम्ही चहा घेतला. ड्रायव्हर निवांत पान लावत होता. बाबांनी मनगट वळवून पाहिलं.

"नागपूर सोडून तीन तास झाले. इथं वारं कोणीकडून हाय रे?"