दोघांनाही न दिसलेल्या चाली

बुद्धिबळाच्या संकेतस्थळांवर अनोळखी माणसांचे चालू डाव उघडून बघता येतात, आणि मला जगज्जेत्यांच्या डावांपेक्षा हौशी खेळाडूंचे डाव बघण्याची गोडी अधिक आहे. जगज्जेत्याने एखादी चाल का खेळली हे कळायला समालोचक लागतो; हौशी खेळाडूने ती का खेळली हे आपल्याला न सांगताच समजते. पटाच्या कडेला एक उभी काळी-पांढरी पट्टी असते. स्टॉकफिशसारखे इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणक प्रोग्राम, प्रत्येक स्थितीचे मोल प्याद्यांच्या हिशेबात मोजत राहते आणि त्यानुसार ती पट्टी वरखाली होते. खेळणाऱ्यांना डाव संपेपर्यंत ती दिसत नाही. बघणाऱ्याला दिसते, आणि त्यामुळे तो फुकटचा शहाणा होऊन बसतो.

परवा असाच एक दहा-दहा मिनिटांचा डाव पाहिला. सुरुवात इटालियन पद्धतीची होती. पांढऱ्याचा उंट सी-४ वर, म्हणजे सी या उभ्या रांगेतल्या चौथ्या घरावर, आला आणि चौथ्या चालीला त्याचा घोडा जी-५ वर जाऊन उभा राहिला. हेतू उघड होता: एफ-७ वरचे प्यादे, ज्याला त्या घडीला राजाखेरीज दुसरा राखणदार नव्हता. काळ्याला तो हेतू उमगला नाही. घोड्याला हुसकावण्यासाठी त्याने प्यादे एच-६ वर सरकवले आणि पट्टी एकदम पांढऱ्याच्या बाजूने उसळली. घोड्याने एफ-७ वर उडी घेतली असती, तर काळ्याचा वजीर आणि हत्ती हे दोघेही एकाच वेळी त्याच्या माऱ्यात आले असते, आणि पाठीशी उंट असल्यामुळे राजाला त्या घोड्याला हात लावता आला नसता. पांढऱ्याने बराच विचार केला आणि घोडा मुकाट्याने एफ-३ वर परत आणला. ज्या कामासाठी तो गेला होता ते काम आयते समोर उभे होते. पण प्यादे अंगावर आले की मोहरा मागे घ्यायचा, ही शिकवण हौशी खेळाडूच्या हाडीमांसी इतकी मुरलेली असते की तिच्यापुढे मूळ बेत आठवतच नाही.

मला गंमत वाटते ती यापुढच्या प्रश्नाची. ती संधी नेमकी कोणाची हुकली? काळ्याला भीती वाटली नव्हती आणि पांढऱ्याला आशा. त्या मिनिटभरात जी उलथापालथ झाली ती फक्त पट्टीवर झाली. पटाच्या दोन्ही बाजूंना शांतता होती. दोघांनी मिळून, एकमेकांशी एक शब्दही न बोलता, एफ-७ हे घर अस्तित्वातच नाही असे ठरवून टाकले होते, आणि दोघांनीही तो करार इमानाने पाळला. हौशी डाव हे भांडण असते असे आपण समजतो, पण त्यात सहकार्यही कमी नसते.

पुढेही हेच चालले. काळ्याचा वजीर पांढऱ्याच्या उंटाच्या लांबलचक कर्णावर येऊन थांबला आणि तीन चाली तिथेच राहिला. उंट पटाच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि दूरचा मारा, विशेषतः मागच्या दिशेने जाणारा, डोळ्यांना चटकन दिसत नाही. लक्ष नेहमी जिथे धुमाळी चालू असते तिथे असते. चौथ्या चालीला काळ्याने वजीर हलवला, तोही धोका ओळखून नव्हे, तर दुसरीकडचे एक प्यादे मिळवण्याच्या लोभाने.

हे फक्त आपल्यासारख्यांच्या बाबतीत घडते असे मानण्याचे कारण नाही. 2014 साली सोची येथे कार्लसन आणि आनंद यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत, गुण समान असताना, सहाव्या डावात कार्लसनने 26 व्या चालीला राजा डी-2 वर नेला. आनंदच्या घोड्याने ई-5 वरचे प्यादे मारले असते, तर लगोलग शह देत आणखी एक प्यादे पदरात पडले असते. कार्लसनला चाल खेळताक्षणीच चूक कळली होती. आनंदने ए या उभ्या रांगेतले प्यादे पुढे ढकलले. पुढे तो डाव कार्लसनने जिंकला आणि जगज्जेतेपदही राखले. तिथे निदान एका बाजूला तरी धडधड होती. मला मात्र त्या दोन चालींमधल्या वेळेबद्दल कुतूहल आहे, कारण त्यात चूक पूर्णपणे घडलेलीही नव्हती आणि पुसलीही गेलेली नव्हती. ती आनंदच्या नजरेवर अवलंबून होती.

यंत्रासमोर हा मधला अवकाश उरत नाही. 2006 मध्ये बॉन येथे डीप फ्रिट्झ या संगणक प्रोग्रामविरुद्धच्या दुसऱ्या डावात, जगज्जेता असलेल्या क्रॅमनिकने वजीर ई-3 वर नेला आणि पुढच्याच चालीला एच-7 वर त्याची मात झाली. एका चालीतली मात जगज्जेत्याला दिसली नाही यावर पुष्कळ लिहिले गेले. माणसासमोरही बहुधा तेच झाले असते, एवढी ठळक मात होती. पण माणसासमोर ‘बहुधा’ हा शब्द तरी वापरता येतो.

आपल्या त्या डावात शेवटी पांढऱ्याकडे वजीर राहिला आणि काळ्याकडे एच-8 च्या कोपऱ्यात एकटा राजा. दोघांच्याही घड्याळात थोडेच सेकंद उरले होते. पांढऱ्याने वजीर घाईने जी-6 वर ठेवला. राजाला शह नव्हता, पण जी-8, जी-7 आणि एच-7 ही तिन्ही घरे वजिराच्या माऱ्यात होती आणि काळ्याकडे हलवायला दुसरे काही नव्हते. स्टेलमेट, म्हणजे बरोबरी. सबंध डावातली ही एकच चूक अशी होती की जी पांढऱ्याला, काळ्याला आणि पट्टीला एकाच क्षणी कळली, कारण ती नियमानेच उघड केली. डाव संपल्यावर इंजिनने दोघांच्या चालींवर चूक दाखवणाऱ्या प्रश्नचिन्हांची रांग लावून दिली. ती त्यांनी उघडून पाहिली असेलच असे नाही. त्यांनी तोपर्यंत रंग बदलून दुसरा डाव सुरू केला होता, आणि त्यात पांढऱ्या बाजूचा घोडा चौथ्या चालीला पुन्हा जी-5 वर आला.