नाशिकच्या थंडीत छताखालचे पिकलबॉल : हिवाळ्यातील नोंदी

नोव्हेंबर

दिवाळी आटोपली की नाशिकमध्ये पहाटे उघड्यावर पिकलबॉल, म्हणजे बुटक्या नेटवरून पॅडलने (तार नसलेल्या सपाट बॅटने) छिद्रांचा प्लास्टिकचा बॉल मारायचा खेळ, खेळणाऱ्यांची अडचण सुरू होते. ही अडचण थंडीपेक्षा दवाची अधिक असते. रंगाचा थर दिलेल्या कोर्टावर ऊन येईपर्यंत ओल टिकते आणि किचनच्या (नेटलगतची पट्टी, जिथे उभे राहून टप्पा न पडलेला बॉल मारता येत नाही) रेषेपाशी झटकन पुढेमागे होताना पाय सटकतो. पुढे निफाडचा पारा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येऊ लागतो, तेव्हा बॉलही त्रास देऊ लागतो. दहा अंशांच्या आसपास ४० छिद्रांचा, बाहेर खेळण्याचा बॉल कडक होतो, कमी उसळतो आणि दोन-चार जोरदार फटक्यांनंतर एखाद्या छिद्रापासून त्याला तडा जातो. नियमाप्रमाणे हा बॉल सुमारे १९८ सेंटिमीटरवरून ग्रॅनाइटवर सोडला असता ७६ ते ८६ सेंटिमीटर उसळला पाहिजे. परंतु ती चाचणी २४ ते २७ अंश तापमानात घेतली जाते, आणि तसे तापमान आपल्याकडे जानेवारीत दुपारी असते, पहाटे सहाला नव्हे. बॉल रात्रभर गाडीच्या डिकीत न ठेवता घरात ठेवणे आणि खेळताना एक-दोन जादा बॉल जाकिटाच्या खिशात बाळगणे एवढ्यानेही फरक पडतो. तरी दव आणि वारा यांवर छताशिवाय इलाज नाही, म्हणून आमच्या गटाने यंदा छताखालची जागा शोधण्याचे ठरवले.

डिसेंबर

या शोधातून माझे मत पक्के झाले ते असे, की नाशिकमध्ये खास पिकलबॉलसाठी बांधलेले बंदिस्त कोर्ट हुडकण्यापेक्षा बॅडमिंटन हॉलचा रिकामा वेळ हुडकावा. अमेरिकेच्या थंड राज्यांत हिवाळ्यात शाळांच्या आणि सामुदायिक केंद्रांच्या बास्केटबॉल हॉलमध्ये शेजारी शेजारी तीन-चार कोर्टे आखून खेळ चालतो. आपल्याकडे बास्केटबॉलची मैदाने बहुधा उघड्यावर असतात. छत असते ते बॅडमिंटनला, आणि हा खेळ मुळात बॅडमिंटनच्याच कोर्टावर जन्मला. १९६५ साली वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड यांच्या अंगणातील जुन्या बॅडमिंटन कोर्टावर तो सुरू झाला. नेट आधी बॅडमिंटनच्या ६० इंच उंचीवरच होते. बॉल जमिनीवरून चांगला उसळतो हे लक्षात आल्यावर ते ३६ इंचांवर आणले गेले. बॅडमिंटनच्या कोर्टावर जन्मल्यामुळे ४४ फूट लांबी आणि २० फूट रुंदी हे माप आजही बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाशी तंतोतंत जुळते. फरक पडतो तो किचनच्या रेषेत. बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस रेषा नेटपासून साडेसहा फुटांवर असते आणि आपले किचन सात फुटांचे. सरावात तीच रेषा किचन मानून चालते, परंतु स्पर्धेची तयारी असेल तर सहा इंच मागे टेप लावावी, आणि ती निघताना मॅटवर गोंद न सोडणारी असावी. नाहीतर दुसऱ्यांदा हॉल मिळणार नाही.

नेटबाबत हॉलमालकांशी आधीच बोलून घ्यावे. बॅडमिंटनचे नेट खाली उतरवून खांबांना ३६ इंचांवर बांधता येते आणि मध्यभागी ते ३४ इंचांपर्यंत झुकवताही येते. मात्र त्या नेटची स्वतःची उंची अडीच फूट असल्याने खाली चार-सहा इंचांची फट राहते आणि नेटमध्ये मारलेला बॉल तिथून पलीकडे निसटतो. शिवाय त्यांचे ताणून बसवलेले नेट दररोज कोणी सोडलेले मालकांना रुचत नाही. घडीचे नेट गटाने वर्गणी काढून घ्यावे, हे उत्तम.

गंगापूर रोड, कॉलेज रोड आणि इंदिरानगरकडच्या हॉलमध्ये चौकशी करताना सर्वत्र एकच चित्र दिसले : पहाटे आणि संध्याकाळी जागा नाही, दुपारी हॉल ओस. नोकरदारांना ती दुपार निरुपयोगी असते, म्हणून आम्ही रात्रीचा, शेवटची बॅडमिंटनची बॅच संपल्यानंतरचा वेळ मागितला आणि तो मिळाला. गटातील निवृत्त मंडळींनी सकाळी दहानंतरचा वेळ घेतला. भाडेही त्यांना कमी पडते, याचा त्यांना खेळापेक्षा अधिक आनंद आहे असे कधी कधी वाटते.

शेजारच्या कोर्टाचा प्रश्न मात्र कोणीही आधी सांगत नाही. शटल पडले की पडल्या जागी थांबते, आपला बॉल घरंगळत जातो आणि उडी मारून स्मॅश करणाऱ्या खेळाडूच्या पायाखाली येऊ शकतो. ही तक्रार खरी आहे आणि तिच्यामुळे काही हॉल पिकलबॉलला सरळ नकार देतात. भिंतीलगतचे शेवटचे कोर्ट मागावे आणि मधल्या बाजूला आडवी जाळी लावण्याची तयारी दाखवावी; आम्हाला होकार मिळाला तो या जाळीच्या बोलीवरच. पत्र्याच्या छताखाली पॅडलचा आवाज फार घुमतो, ही दुसरी तक्रार, आणि तिला माझ्याकडे उत्तर नाही.

जानेवारी

पौषात लग्नाचे मुहूर्त फारसे नसतात, म्हणून कडाक्याच्या थंडीतच मंगल कार्यालये मोकळी सापडतात, हे आमच्यातल्या एका काकांनी सुचवले. एका कार्यालयात खेळून पाहिले. ग्रॅनाइटच्या फरशीवर बॉल सुरेख आणि एकसारखा उसळतो, पण त्या चकचकीत फरशीवर बूट धरत नाहीत, बेसलाइनमागे दोन पावलांवर खांब येतो आणि लॉब (प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावरून जाणारा उंच फटका) मारायचा विचार झुंबराकडे पाहूनच सोडावा लागतो. छताला लागलेला बॉल तसाही मारणाऱ्याचीच चूक ठरतो. कोर्टाभोवतीच्या मोकळ्या जागेसह किमान ६० बाय ३० फूट आणि वर १८ ते २० फूट उंची, हे दोन आकडे टेपने मोजल्याशिवाय कोणत्याही जागेचे आगाऊ पैसे देऊ नयेत. सातपूर-अंबडकडच्या रिकाम्या शेडना उंची भरपूर असते. परंतु काँक्रीटवर बारीक धूळ साठते आणि रात्री पत्रा असा गार पडतो की आत-बाहेर फरक राहतो तो फक्त वाऱ्याचा.

खेळाविषयी थोडेसे. आत आल्यावर आम्ही २६ मोठ्या छिद्रांचा, थोडा मऊ बॉल वापरू लागलो. तो संथ येतो, त्यामुळे ड्राइव्हवर (जोरदार सपाट फटक्यावर) गुण मिळवण्याची ज्यांना सवय होती त्यांचे गुण आटले आणि रॅली लांबल्या. माझा थर्ड शॉट ड्रॉप (रॅलीतला तिसरा फटका, जो हलकेच समोरच्या किचनमध्ये टाकतात) या महिन्यात कुठे भरवशाचा झाला. वारा नसल्याने बॉल जिथे सोडला तिथेच पडतो आणि चूक मनगटाची की खांद्याची हे लगेच कळते. उघड्यावर दोष वाऱ्याला देता येत असे. बॅकहँडचा डिंक (किचनजवळून नेटवरून हलकेच टाकलेला बॉल) अजून उंच जातो. बॅडमिंटन हॉलच्या भिंती पांढरे शटल दिसावे म्हणून हिरव्या किंवा गडद निळ्या असतात, आणि त्यांच्यापुढे पिवळा बॉल बाहेरच्यापेक्षा स्वच्छ दिसतो, हा अनपेक्षित लाभ. बूट मात्र मॅटवर डाग न पाडणाऱ्या तळव्यांचे आणि फक्त आत वापरायचेच ठेवावेत.

फेब्रुवारी

आता सकाळी आठलाच उघडे कोर्ट कोरडे होते, म्हणून निम्मा गट बाहेर परतला आहे. हॉल सोडू नये असे माझे म्हणणे आहे, कारण जून ते सप्टेंबर पावसात हीच गरज पुन्हा उभी राहणार आणि त्या वेळी बॅडमिंटनवालेही वाढलेले असतात. हिवाळा आणि पावसाळा मिळून एकत्र बोली केल्यास मालक दर उतरवतील का, याची बोलणी सुरू आहेत. त्यांची अट एकच आहे : जाळी कायमची बसवायची असेल तर हुकांचा खर्च आम्ही करायचा. हूक कोणते घ्यावेत आणि पत्र्याच्या शेडमध्ये ते छताच्या कैचीला (पत्रे पेलणाऱ्या सांगाड्याला) अडकवावेत की भिंतीला, हे ज्यांनी केले आहे त्यांनी जरूर सांगावे.