७५ हर्ट्झ: भावाचा गेम आणि माझा शालू

"ताई, मॉनिटर ७५ हर्ट्झला चालतोय की! मग ६० वर कशाला ठेवायचा?" धाकट्या भावाचा प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर लिहून काढते. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र, म्हणजे फ्रेम, दाखवतो तो आकडा.

आमच्या घरी मॉनिटर एकच. रात्री त्यावर तो व्हॅलोरंट खेळतो, दिवसा मी इचलकरंजीतल्या लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. साधा फुल एचडी आयपीएस (एलसीडी पडद्याचा एक प्रकार), ६० हर्ट्झचा म्हणून विकत घेतलेला. तो ७५ वर पळवायचा तर ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये किंवा सीआरयू नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये नवा आकडा घालायचा, बस. एक रुपया लागत नाही. ६० वर प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहते, ७५ वर १३.३. हा फरक खरा आहे. गेम न खेळणाऱ्या मलाही टाइमलाइन सरकवताना तो जाणवला.

पण सेटिंगमध्ये ७५ दिसलं म्हणजे पडद्यावर ७५ आलंच असं धरून चालू नका. काही मॉनिटर ७५ फ्रेम निमूट स्वीकारतात आणि दाखवतात ६०च. दर पाचवी फ्रेम गिळून टाकतात. मग गेम आधीपेक्षा जास्त अडखळतो. हे तपासायला टेस्टयूएफओच्या साइटवर फ्रेम स्किपिंगची चाचणी आहे. चौकटींच्या जाळीतून एक पांढरी चौकट पळत असते. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर साधारण १/५ सेकंदावर ठेवून तिचा फोटो काढायचा. उजळलेल्या चौकटी सलग आल्या तर ठीक, मधेमधे काळी फट दिसली तर फ्रेम पडताहेत. आमच्याकडे ७५ ला सलग आल्या, त्याच्या वर गेलं की फटी. भावाला तेव्हाच सांगितलं, ७५ च्या पुढचा विषय बंद.

आता माझ्या पोटापाण्याचा मुद्दा. पडदा वरून खाली एकेक ओळ करून रंगवला जातो. नेहमीच्या टायमिंगमध्ये १०८० दिसणाऱ्या आणि ४५ न दिसणाऱ्या, अशा ११२५ ओळी असतात. ६० हर्ट्झला एका ओळीच्या वाट्याला १४.८ मायक्रोसेकंद येतात, ७५ ला ११.९. तेवढ्यात त्या ओळीतल्या प्रत्येक पिक्सेलला आपलं व्होल्टेज मिळायला हवं. नळाचं पाणी पाऊण तासाऐवजी अर्धा तासच आलं तर हंडा काठोकाठ भरत नाही, तसंच हे. पिक्सेल अर्धवट भरला की गॅमा, म्हणजे गडद-उजळाचा समतोल, सरकतो. एका नवरीच्या मरून शालूची फ्रेम मी दोन्ही सेटिंगवर आलटून पालटून पाहिली. ६० वर पदराच्या चुणीतली जरीची बारीक नक्षी स्पष्ट दिसते. ७५ वर त्या चुण्या काळपटतात आणि हळदीचा पिवळा किंचित जड होतो. सगळ्याच पॅनेलवर असं होईल असं नाही, पण माझ्या पॅनेलवर होतं. त्यावर विश्वासून मी सावल्या उजळल्या तर लोकांच्या टीव्हीवर तोच शालू फिका दिसेल. आयुष्यात एकदाच नेसलेल्या शालूचा रंग माझ्यामुळे बिघडलेला मला चालणार नाही.

आणि तरीही ७५ माझ्या कामाचं आहे! आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून हॉलच्या लाइटखाली फ्लिकर (लुकलुक) येऊ नये यासाठी बरेच जण २५ फ्रेमवर शूट करतात. ७५ मध्ये २५ बरोबर तीनदा जातात, त्यामुळे वरातीतला कॅमेऱ्याचा पॅन (आडवा फिरता शॉट) लोण्यासारखा सरकतो. ६० वर तोच पॅन हलके हिसके देतो, कारण २५ ने ६० ला भाग जात नाही. यूट्यूबच्या ३० आणि ६० फ्रेमच्या व्हिडिओंचं नेमकं उलट, ते ७५ वर अडखळतात. म्हणून आम्ही दोन्ही सेटिंग ठेवली आहेत: हालचाल बघायला आणि गेमला ७५, रंगाला ६०. कलर करेक्शन सुरू करण्याआधी सेटिंग बघायचंच, हा माझा नियम.

मॉनिटर जळतो का, हे सगळेच विचारतात. बहुतेक वेळा फक्त पडदा काळा होतो किंवा 'आउट ऑफ रेंज' येतं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधून बदल केला असेल तर १५ सेकंद हात न लावता थांबायचं, जुनं सेटिंग आपोआप परत येतं. सीआरयूमधून केला असेल तर सेफ मोडमध्ये जाऊन त्याच्यासोबत येणारी रीसेट-ऑल फाइल चालवायची. ती आधीच डेस्कटॉपवर काढून ठेवा, काळ्या पडद्यावर शोधता येत नाही. मॉनिटरच्या आतली चिप मात्र ७५ वर जास्त वेगाने चालते आणि जास्त तापते. इथल्या एप्रिल-मेमध्ये, पंख्याखाली, मी तिला दिवसभर ७५ वर ठेवत नाही. वॉरंटीत हा वापर बसेल या भरवशावरही राहू नका.

पोर्ट, म्हणजे केबल लावायची जागा, तीही बघा. नेहमीच्या टायमिंगने १०८० चा पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवण्याचा वेग) ६० ला १४८.५ मेगाहर्ट्झ असतो, ७५ ला १८५.६ होतो. सुरुवातीच्या एचडीएमआयची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ, म्हणजे तिथे ७५ बसत नाही. न दिसणाऱ्या ओळी आणि मोकळी जागा कापून हा आकडा खाली आणता येतो, पण ती फारच कापली तर ग्राफिक्स कार्डाची मेमरी रिकाम्या वेळीही पूर्ण वेगात अडकून राहते आणि कार्ड उगाच तापतं.

भावाची नजर आता १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर आहे. घे म्हटलंय, माझा रंगाचा मॉनिटर मोकळा होईल. तो १६५ हर्ट्झवर पळवायचं मात्र आत्ताच डोक्यातून काढ, बाळा. तिथे फ्रेममागे मिलिसेकंदसुद्धा वाचत नाही, ०.९ वाचतो.