पेंढा टोचतो

नऊवारी लुगडं म्हणजे 27 फूट. त्याचे चार भाग केले की पावणेसात फुटांची घडी पडते, आणि पावणेसात फुटांत आमच्या घराण्यातला सगळ्यात उंच पुरुषही पाय न आखडता मावतो. एक लुगडं, चार थर, एका माणसाची गोधडी. हा हिशेब आजीने कधी तोंडाने सांगितला नाही. लुगड्याचं एक टोक ती माझ्या हातात द्यायची, दुसरं स्वतः धरायची, आणि ओटीवर आम्ही दोघी एकमेकींकडे चालत यायचो. टोकं जुळवायची, मागे सरायचं, पुन्हा चालत यायचं. दोन खेपांत चार थर तयार.

आम्ही वसईचे सामवेदी ख्रिस्ती. आमच्या बायकांचं लुगडं लाल, चौकडीचं. आता ते लग्नाकार्याला आणि स्टेजवरच्या नाचापुरतं कपाटातून निघतं, पण आजी तेच नेसून वाडीत राबायची, तेच नेसून भाजीची टोपली घेऊन मुंबईच्या गाडीत चढायची. त्यामुळे आमच्या घरातली प्रत्येक गोधडी जन्मतःच लाल. नाताळसाठी मुद्दाम लाल कापड आणायचं असतं, हे मला खूप उशिरा, तेही दुकानात उभी असताना कळलं.

शिवणाच्या डब्यात हात घातला की मला नेहमी गंमत वाटते. आलपीन टोचते, फीत गुंतते, काज करायचे राहिलेले असतात, शेजारी इस्त्री तापत असते. हे चारही शब्द पोर्तुगीज, आणि नाताळ हा शब्दही त्यांच्याच बोटीतून उतरलेला. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, आलपिनी राहिल्या. सुई, दोरा आणि गोधडी मात्र आधीपासून इथल्याच.

गोधडी शिवणारी बाई गोधडीवरच बसते. चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, तांब्या आणि जे सापडेल ते वजन ठेवायचं, मोठ्या टाक्यांनी थर कच्चे टाचून घ्यायचे आणि मग काठापासून धावदोरा. दुहेरी दोरा, आत आत येत जाणारे चौकोन. दर वीतभर शिवण झाली की तळहाताने कापड पुढे सारायचं, नाहीतर मध्ये फुगा राहतो आणि तो आयुष्यभर पाठीला लागतो. आजीचं अंगुस्तान पितळेचं होतं. त्याच्या खळग्या इतक्या झिजल्या होत्या की सुई घसरायची, तरी ती ते बदलायची नाही. बोटाला टोचलं की सुईला शिव्या द्यायची, आमच्या अस्सल कादोडी बोलीत. त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

लुगड्याचा जो तुकडा कशालाच पुरायचा नाही, त्याची ती आणखी एक गोधडी शिवायची. तळहाताएवढी. दादा लोक अंगणात नाताळचा गोठा उभारायचे: बांबू, पेंढा, कागदाचे डोंगर, आरशाच्या तुकड्याचं तळं. चोवीस तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाणी रिकामी असते. मिस्सा आटोपून आल्यावर तिच्यात बाळ येशूची मूर्ती ठेवायची. त्याआधी आजी येऊन ती चिमुकली गोधडी पेंढ्यावर अंथरून जायची. गोठ्यांच्या स्पर्धेचे परीक्षक येणार, त्यांना पेंढा दिसला पाहिजे, म्हणून दादा ती काढून ठेवायचा. आजी पुन्हा घालायची. म्हणायची, "पेंढा टोचतो." यावर कुठला परीक्षक काय बोलणार?

शुभवर्तमानात लिहिलंय की मरियेने बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. मी हे वाक्य लहानपणापासून ऐकत आलेय, पण बाळंत्याकडे माझं लक्ष गेलं ते माझ्या पहिल्या बाळंतपणात. आमच्याकडे बाळंतं नवीन कापडाचं करतच नाहीत. धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडायचं, मगच ते बाळाच्या अंगाला लावायचं. नाताळला आपल्याला मात्र सगळं नवं लागतं.

तीन वर्षांपूर्वी मलाही लागलं. मंगळदास मार्केटमधून मी नाताळचं छापील कापड आणलं. पांढऱ्यावर लाल टोपीचे सांताक्लॉज, मध्ये मध्ये बर्फाच्या चांदण्या. (वसईत. जिथे चोवीस डिसेंबरच्या रात्रीही पंखा एकवर असतो आणि पहाटे कुणीतरी उठून तो बंद करतं.) वरून हे कापड, आत आजीचं लुगडं, आणि हाताने शिवत बसण्याऐवजी मशीनवर सरळ रेघा. दोन दुपारी पुरल्या. पलंगावर टाकली तेव्हा काय दिसत होती! सगळ्या नणंदा-जावांना फोटो गेले.

पहिल्या धुण्यात तमाशा झाला. वरचं नवं सुती कापड आटलं, आतलं जुनं आटलं नाही, आणि गोधडी उन्हात वाळलेल्या पापडासारखी वाकडीतिकडी झाली. शिवाय टोप्यांचा लाल रंग खाली उतरला आणि एकूण एक सांताक्लॉजची दाढी गुलाबी झाली. आई दारात उभी होती. म्हणाली, "नव्या कापडाला आधी भिजवून त्याचा आटायचा हट्ट पुरवून घ्यायचा असतो."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस?"

आजीच्या लुगड्याने जो काही रंग सोडायचा होता तो बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठच्या दगडावर कधीच सोडून दिला होता. आटायचं तेवढं आटून झालं होतं. आता ते कशातही घाला, गुमान राहतं.

पण जुन्या गोधडीचं फार कौतुकही मला करायचं नाही. ओली झाली की ती दोघांना उचलत नाही, पिळता तर येतच नाही, आणि ऊन कमी पडलं की असा कुबट वास मारते की पाहुण्याला द्यायची लाज वाटते. आजीला ती धुण्यासाठी दोन सुना हाताशी होत्या. मला वॉशिंग मशीन आहे, आणि तेही गोधडी घातली की उड्या मारत बाथरूमच्या दारापर्यंत येतं.

वाया गेलेल्या त्या गोधडीच्या मी उश्या केल्या. 16 इंची उशीला 17 इंचाचा चौकोन कापायचा, चारी बाजूंनी अर्धा अर्धा इंच शिवणीत जातो. अभ्र्याला मी चेन लावत नाही. पाठीमागे दोन पदर चार इंच एकमेकांवर चढवते, की उशी आतच राहते आणि झोपणाऱ्याच्या गालाला काही रुतत नाही. गुलाबी दाढीच्या या उश्यांवरून आता पोरांची दरवर्षी मारामारी होते. पांढऱ्या दाढीची उशी करून पाहिली, ती कोणी घेतली नाही.

आजीचं शेवटून दुसरं लुगडं गेल्या वर्षी टोरांटोला गेलं. भाच्याला मुलगी झाली, तिच्या पहिल्या नाताळला दुपटं. 23 किलोच्या बॅगेत ते, मसाला आणि सुके बोंबील यांची चांगलीच ओढाताण झाली. दुपटं बोंबलांच्या वासासकट पोचलं. महिन्याने व्हिडिओ कॉलवर बघते तर भिंतीवर टांगलेलं. "आत्या, किती ट्रॅडिशनल दिसतंय ना!" मी म्हटलं, बाबा रे, ते खाली काढ आणि पोरीला त्यावर ठेव. त्याला वाटलं खराब होईल. खराब? ते लुगडं चाळीस वर्षं गाडीच्या गर्दीत घासलंय. पुढच्या कॉलवर पोर त्यावर पालथी पडून काठ चोखत होती. काठाची शिवण एके ठिकाणी उसवलेली दिसली. आता तिथे सुई धरणारं कोणी नाही, म्हणून परत येताना दुपटं घेऊन ये असं सांगितलंय.

यंदा चार नव्या उश्या व्हायच्यात. अभ्रे तयार आहेत, आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून. सावरीचा कापूस एप्रिलमध्येच जमवून ठेवलाय, शिंका देत देत. तो भरायला गादीवाल्याकडे दिलाय. तो म्हणतो, मंगळवारी नक्की. कुठला मंगळवार, ते सांगत नाही.