सलायडातला शनिवार

आज सकाळी कोलोरॅडोतल्या सलायडाजवळ आर्कान्सा नदीत राफ्टिंग केलं. जूनमध्ये वर डोंगरातला बर्फ वितळतो, पाणी इतकं गार की वेटसूट असूनही पहिल्याच लाटेला श्वास अडकला! ब्राउन्स कॅनियनचे ते ग्रॅनाइटचे कडे अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीयेत. २०१५ मध्ये हा भाग राष्ट्रीय स्मारक, म्हणजे संरक्षित प्रदेश झाला, फार बरं झालं.

दुपारी ओल्या केसांनीच एक घर बघायला गेलो. जुनं, विटांचं, मागे जर्दाळूचं झाड. ह्यांनी आधी तळघर गाठलं, रेडॉनचं, म्हणजे जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सारी वायूचं विचारलं (इथे ती तपासणी हवीच), मग वणव्याच्या विम्याचं. मी आपली ओट्याशी उभी. खिडकीतून नदीपलीकडची 'एस' अक्षर काढलेली टेकडी दिसत होती.

पण राफ्टवरची गाईड मुलगी सकाळी म्हणाली होती, भाडं परवडत नाही म्हणून उन्हाळाभर ती गाडीतच झोपते. ते काही केल्या मनातून जाईना. आपण वर्षाचे ४ आठवडे येणार आणि बाकीचे ४८ आठवडे घराला कुलूप? रात्री ह्यांना म्हटलं, घ्यायचं तर इथे राहायलाच यायचं. ह्यांचं काम घरूनच चालतं. माझ्या ऑफिसात सोमवारी विचारते.