घसा दाखवायला गेलो होतो

तासगावात बेदाण्याच्या अडत दुकानात बोली पुकारायचं काम मी बावीस वर्षं करतोय. टेबलावर नमुना ओततात, भोवती खरेदीदार गोळा होतात. कुणी मणी दातानं फोडून बघतो, कुणी मूठभर घेऊन उजेडाकडं धरतो, आणि त्या सगळ्या गलक्यावर चढून मला भाव सांगायचा असतो. सांगायचं एवढंच की माझं पोट घशावर चालतं.

फेब्रुवारीत, ऐन हंगामात, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटायला लागलं. बेदाण्याचं देठ अडकावं तसं. पाणी प्यायलो, भाताचा कोरडा घास गिळला, केळं खाल्लं. जेवताना काही वाटायचं नाही, पण नुसता आवंढा गिळला की देठ आपल्या जागेवर हजर. दुपारपर्यंत आवाज घोगरा व्हायचा. गल्लीतल्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. बायकोनं हळद-दूध, ज्येष्ठमध, खडीसाखर असं सगळं करून बघितलं. देठ काही हललं नाही.

तीन आठवडे झाले आणि डोक्यात तो शब्द आला.

आमच्या भागात तो शब्द आला की आबा आठवतात. अंजनीचे आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ ला तोंडाच्या कॅन्सरनं गेले. दुसऱ्या दिवशी अंजनीला जी गर्दी लोटली, त्यात मीही होतो. डोळे पुसतच परत निघालो. वाटेत एका टपरीवर थांबलो आणि तिथंच आम्ही चौघांनी तंबाखू मळून बार भरले. हे लिहिताना आज लाज वाटते, त्या दिवशी काही वाटलं नव्हतं. पारावर दुसरं उदाहरणही लगेच निघतं: पवारसाहेबांना २००४ ला झाला, ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर कित्येक वर्षं ते राज्यभर फिरले. ज्याला सोडायची नसते तो दुसरं उदाहरण सांगतो. मीही तेच सांगायचो.

२०१९ मध्ये मी तंबाखू सोडली. म्हणजे घरी तसं सांगितलं. आईसमोर पुडी चुलीत टाकली, बायकोनं त्या दिवशी शिरा केला. वर्षभर खरंच हात लावला नाही. मग हंगामात, पहाटेपासून उभं राहून पाय भरून आले की, शेजारच्या हमालानं पुढं केलेल्या तळहातावरची एक चिमूट. मग दोन. स्वतः पुडी विकत घेत नव्हतो, म्हणून खात नाही असा माझा हिशोब. घरी जायच्या आधी बडीशेप.

त्यामुळं भीती वाटायला लागली तरी बोलायची सोय नव्हती. आजाराची भीती होतीच, पण त्याहून जास्त भीती ‘मग खात होता की काय?’ या प्रश्नाची होती. रात्री सगळी झोपली की मी बाथरूममध्ये मोबाईलची बॅटरी लावून आरशात घसा बघायचो. एकदा जीभ रुमालानं धरून जरा जास्तच बाहेर ओढली, तर अगदी मागं, मुळाशी, गोल गोल टपोऱ्या गाठी. एका ओळीत पाच-सहा. हातातला मोबाईल बेसिनमध्ये पडला. रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी दहावीतल्या पोराला म्हटलं, “जीभ काढ रे.”

“कशाला?”

“काढ म्हटलं ना. अजून. अजून बाहेर.”

त्याला ओकारी आली, पण तेवढ्यात मला दिसलं. त्याच्याही जिभेच्या मुळाशी तशाच गाठी, तशाच ओळीत. पोरगं दिवसभर माझ्याकडं चमत्कारिक नजरेनं बघत होतं. पुढं डॉक्टरांकडून कळलं की त्या प्रत्येकाच्या जिभेला असतात, उलट्या व्ही अक्षरासारख्या मांडलेल्या, आणि त्यांचं काम चव घेणं. माझ्यासारखे आरशात बघून घाबरलेले त्यांच्याकडं नेहमी येतात म्हणे.

मार्चच्या शेवटी भर सौद्यात “एकशे त्र्याऐंशी” म्हणायला गेलो तर तोंडातनं नुसती हवा आली. कुणीतरी ओरडलं, “आण्णा, बॅटरी उतरली काय?” सगळे हसले. मीही हसलो. पुढची बोली आमच्या दिवाणजींनी पुकारली, आणि मी दुकानाच्या मागं खोक्यांच्या थप्पीला टेकून उभा राहिलो. तिथंच बायकोला फोन केला. ती एवढंच म्हणाली, “उद्या मिरजेला जायचं. मी येणार.”

ती येणार, हीच तर अडचण होती.

मिरजेच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आधी सगळं विचारून घेतलं. घास अडकतो का? नाही. वजन उतरलंय? नाही. थुंकीत रक्त? मानेला गाठ? कानात कळ? नाही. सिगारेट, दारू? नाही. तंबाखू?

“होती. २०१९ ला सोडली.”

मग नाकात कडू औषधाचा फवारा मारला. ते घशात उतरलं आणि घसा आपला नाहीच असं वाटायला लागलं. आवंढा गिळलेला कळेना. नाकातनं बारीक काळी नळी आत घातली. दुखत नाही, पण डोळ्यांतनं पाणी वाहतं. समोरच्या पडद्यावर माझाच घसा. “ई म्हणा. लांब ई.” दोन पट्ट्या एकमेकींना भिडल्या, सुटल्या. त्या पांढऱ्या असायला हव्यात, माझ्या लालसर आणि सुजलेल्या होत्या. गाठ नव्हती. पोटातलं आम्ल वर येऊन घसा भाजतोय, त्यात दिवसभर ओरडणं, आठ-दहा चहा, आणि रात्री अकराला जेवून लगेच आडवं होणं. जेवताना जे जातं आणि नुसता आवंढा गिळताना जे जाणवतं ते बहुतेक वेळा असलंच निघतं, पण आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला असला तर आत बघितल्याशिवाय कुणी तसं म्हणू नये, असं ते म्हणाले.

माझ्या अंगातनं सगळी हवाच निघून गेली. उठायला लागलो.

“बसा. तोंड बघायचं राहिलंय.”

तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघितली. गेली. गाल बघितले, जिभेच्या कडा बघितल्या. मग खालचा ओठ बोटानं बाहेर ओढला आणि थांबले. डाव्या बाजूला, हिरडी आणि ओठ यांच्या मधल्या खोबणीत, बत्ती फिरवली.

“इथं ठेवायचात ना?”

मी मान हलवली.

“शेवटची कधी?”

बायको शेजारच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसलेली. मी म्हणालो, “गेल्या आठवड्यात.”

तिथं पांढरा चट्टा होता. बोटाच्या पेराएवढा, सुरकुतलेला, पुसून न जाणारा. दोन महिने मी आरशात घशाच्या तळापर्यंत बघत होतो आणि ओठ खाली ओढून एकदाही बघितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, चघळायची तंबाखू जिथं ठेवतात तिथंच पहिल्यांदा काम करते. तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. जागा बधिर करून पाच मिनिटांत काढला, दोन टाके घातले.

मिरजेहून निघालो ते सांगलीवरून कवठे एकंद येईपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही. मोटारसायकलवर मागं बसून खांद्यावर हात ठेवते, तो त्या दिवशी कॅरिअरला धरलेला होता. कवठे एकंदला रसाच्या गाड्यावर थांबलो. टाके असल्यानं मला तो पिता येईना. तिनं स्वतःचा ग्लास संपवला आणि विचारलं, “तो शिरा मी कशाला केला होता?”

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

रिपोर्टला आठ दिवस. आईला दात काढला असं सांगितलं; ती मला मऊ भात भरवायच्या बेतात होती. पुड्यांचा हिशोब करायला बसलो, सतरा वर्षं गुणिले रोजची एक, आणि आकडा आल्यावर कागद फाडून टाकला. त्या आठ दिवसांत घशातलं देठ मात्र एकदाही आठवलं नाही.

रिपोर्टमध्ये ‘माइल्ड डिस्प्लेशिया’ लिहिलं होतं. कॅन्सर नाही, पण पेशींनी वळण घ्यायला सुरुवात केली आहे. तंबाखू पूर्ण बंद, चिमूटसुद्धा नाही, आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. चट्टा कमी झाला नाही तर पूर्ण काढायचा. घशासाठी सकाळी उपाशीपोटी गोळी, पलंगाच्या डोक्याकडं दोन विटा, संध्याकाळचं जेवण आठच्या आत. खाकरायचं नाही आणि कुजबुजायचंही नाही. कुजबुजण्यानंही स्वरयंत्राला ताण पडतो, हे मला नवीनच होतं. दुकानात आता छोटा माईक आणलाय. मालकांनी बॅटरीचा विनोद पुन्हा केला.

दर रविवारी सकाळी बायको अंगणात खुर्ची टाकते, माझा ओठ खाली ओढते आणि बॅटरी लावून बघते. बोलत काही नाही. तिनं फोनवर फोटो काढून ठेवलेत, तारखेसकट.

परवा सौदा संपल्यावर बाकावर बसलो होतो. शेजारच्या हमालानं सवयीनं मळलेला तळहात पुढं केला. मी नको म्हणालो आणि ओठ ओढून त्याला टाक्यांची खूण दाखवली. त्यानं वाकून नीट बघितली. म्हणाला, “लई दुखलं असंल न्हवं?” मग तळहातावरची चिमूट उचलली आणि तोंडात टाकली.